मार्गिलानला पाहुणे म्हणून जाताय? मग ‘नको नको’ नाशिकलाच ठेवून जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या एक ताई (५८) आणि त्यांचे मिस्टर (६३) सप्टेंबरमध्ये स्वतःच प्लॅन करून उझबेकिस्तानला चाललेत. मुलगी जर्मनीत असते, तिच्या ऑफिसातली मैत्रीण उझबेक आहे, आणि त्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी यांना मार्गिलानला घरी दोन दिवस राहायला बोलावलंय. दोघंही शुद्ध शाकाहारी, मिस्टरांना शुगर आहे, गुडघेही कुरकुरतात. तर जावं का, अनोळखी माणसांकडे राहायचा संकोच वाटतोय, जेवणाचं काय करायचं, आणि निघताना किती पैसे द्यावेत म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.

ताई, जा. त्या दोन रात्रींचं हॉटेल बुक केलं असेल तर कॅन्सल करा पण जा. मी २०१२ पासून दहाबारा जणांचे छोटे ग्रुप घेऊन तिकडे जातेय, कोविडची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी, आणि सुरुवातीच्या दोनतीन ट्रिपा मी स्वतः ज्या चुका केल्यात त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण सगळं तिथेच अडतं. पैसे किती द्यावेत? शून्य. एक सोमसुद्धा नाही. (तिकडचं चलन सोम, एका डॉलरला साधारण १२ हजार येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच लखपती होतात.) आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी फरगाना खोऱ्यातल्याच (मार्गिलानही त्याच खोऱ्यात) एका घरी निघताना मला न सांगता यजमानांच्या हातात पाकीट दिलं, आत १०० डॉलर. यजमान काही बोलले नाहीत, छातीवर हात ठेवला, पाकीट घेतलं, आम्हाला वाटलं चला झालं नीट. त्यांनी वाटेसाठी म्हणून कापडात गुंडाळून चार नोन दिल्या होत्या, म्हणजे त्यांची तंदूरमधली गोल जाड रोटी. दुपारी गाडीत ते कापड सोडलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रोटीच्या मधे ते पाकीट जसंच्या तसं. काकांचा चेहरा बघवत नव्हता हो. पुढच्या वर्षी मी एकटीच त्या घरी गेले तेव्हा कुणी विषय काढला नाही, पण घरातल्या आजींनी मला हळूच विचारलं की तुमच्याकडे पाहुण्याकडून पैसे घेतात का. मी नाही म्हटलं. मग त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या चहा ओतत राहिल्या, आणि मला काकांपेक्षा जास्त लाज वाटली.

आता हेही सांगते की सगळीकडे असं नाही. नुराताच्या डोंगरातल्या गावांत, सेंतोब वगैरे, होमस्टे आहेत, तिथे रात्रीचा दर ठरलेला असतो, तो पूर्ण द्यायचा, घासाघीस करायची नाही, आणि तिथे ‘पाहुणा’ आणि ‘गिऱ्हाईक’ यात कुणाचा गोंधळ नसतो. तुम्हाला मात्र एका आईने आपल्या लेकीच्या मैत्रिणीचे आईवडील म्हणून बोलावलंय. हे सोयरे झाल्यासारखंच आहे. सोयऱ्यांना आपण जेवणाचे पैसे देत नाही.

त्यांच्यात एक म्हण आहे, मेहमोन ओतांगदान उलुग, म्हणजे पाहुणा तुझ्या बापापेक्षा मोठा. आपण अतिथी देवो भव म्हणतो पण आपला देव देव्हाऱ्यात गप बसतो, नैवेद्य दाखवला की आपणच खातो. तिकडे ते खरंच खायला लावतात. आणि आपली पंचाईत नेमकी तिथेच होते कारण आपण मराठी मध्यमवर्गीय माणसं ‘नको नको’ वर वाढलेलो आहोत. कुणाकडे गेलो की पाणी नको, चहा आत्ताच झाला, अहो कशाला त्रास घेता. आपल्या मते हा चांगुलपणा. तिकडे पहिलं ‘नको’ कुणी ऐकतच नाही, दुसऱ्याला हसतात, आणि तिसऱ्यांदाही नको म्हटलंत तर घरातल्या बाईला खरंच वाटायला लागतं की आपलं काहीतरी चुकलं. म्हणून तुम्हाला त्या दोन दिवसांत एकच काम आहे, नीट घेणं. ऐकायला सोपं वाटतं, पण मला जमायला चार वर्षं लागली.

(उलट बाजू पण सांगून ठेवते. रस्त्यात, बाजारात, ट्रेनमध्ये कुणीही तुम्हाला म्हणेल या ना घरी, चहा प्या. हे बऱ्याचदा आपल्या ‘या एकदा जेवायला’ सारखं असतं, छातीवर हात ठेवून रहमत, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं, हसायचं आणि पुढे जायचं. तोच माणूस दोनतीनदा म्हणाला, वार सांगितला, फोन नंबर घेतला, तर ते खरं आमंत्रण. तुमचं तर तारीख ठरवून आलेलं आहे, शंकाच नाही.)

आता पोचल्यावर काय होतं ते क्रमाने सांगते म्हणजे गडबडून जाणार नाही. ताश्कंदहून मार्गिलानला ट्रेन आहे, अंदिजानला जाणारी, मधे कामचिकचा बोगदा लागतो तो १९ किलोमीटरचा आहे, २०१६ साली सुरू झाला, त्याआधी मी घाटातून शेअर टॅक्सीने गेलेय आणि तो अनुभव परत नको. स्टेशनवर घ्यायला कुणीतरी येणारच. घर म्हणजे होव्ली, आपला हवेली शब्द आणि हा एकच. बाहेरून नुसती भिंत आणि दार दिसतं, आत शिरलं की चौक, द्राक्षाचा मांडव, नळ, एखादं अंजिराचं किंवा डाळिंबाचं झाड, आणि मधे लाकडी उंच बैठक, तिला तापचान म्हणतात, काही जण चोरपोया म्हणतात, आपली चारपाई. सप्टेंबरमध्ये मांडवाला घोस लटकलेले असतील, डोक्याला लागतात.

हात धुवायला घरातला लहान मुलगा किंवा मुलगी तांब्यासारखं भांडं घेऊन येईल आणि तुमच्या हातावर पाणी ओतेल. मग हात झटकायचे नाहीत. आपल्याला सवय असते दोनदा फटफट झटकायची, तिकडे ते अगदी वाईट दिसतं. टॉवेल देतील त्याला पुसा. बसायची जागा दारापासून सगळ्यात लांबची देतील, तो मानाचा कोपरा, तिथे बसायला लाजू नका, तुम्ही दाराजवळ बसलात तर घरचे सगळे अवघडतात कारण मग त्यांना कुठे बसावं कळत नाही. बसल्याबसल्या घरातलं मोठं माणूस दोन्ही तळवे वर धरून काहीतरी पुटपुटेल आणि सगळे तोंडावरून हात फिरवतील, तुम्हीही फिरवा, त्यात धर्म बिर्म बाटत नाही.

गुडघ्यांचं आधीच सांगून टाका. खाली कुर्पाचा म्हणजे लांबट गाद्या घालून बसायचं असतं, तास दोन तास. मिस्टरांना खुर्ची मागा, बिनधास्त मागा, तिथल्या साठीच्या पुढच्या निम्म्या लोकांचे गुडघे तसेच आहेत. फक्त खाली बसलात तर पाय दस्तुरखोनकडे, म्हणजे जेवणाच्या चादरीकडे पसरायचे नाहीत आणि ती ओलांडायची तर अजिबात नाही. आपण पान ओलांडतो का? तसंच.

आणि आता सगळ्यात मोठा सापळा. तुम्ही बसाल तेव्हा दस्तुरखोन आधीच भरलेला असेल. बदाम, अक्रोड, जर्दाळू, बेदाणे, द्राक्षं, खरबूज, मध, जॅम, कायमोक म्हणजे आपली घट्ट साय, दोनतीन सॅलड, सामसा म्हणजे त्यांचा भाजलेला समोसा, नोन, आणि नव्वोत म्हणजे चक्क खडीसाखर, पिवळसर मोठे खडे. आपली माणसं हे बघून म्हणतात वा, काय जेवण आहे, आणि पोटभर खातात. अहो ते जेवण नाहीच! ती नुसती सुरुवात. त्यानंतर सूप, त्यानंतर अजून काहीतरी, आणि शेवटी ओश, म्हणजे पुलाव, मोठ्या थाळीत ढीग घालून. ओश आला की समजायचं शेवट आला, आणि ज्या पदार्थासाठी यजमान सकाळपासून कढईपाशी उभा होता तो येतो तेव्हा आपल्या लोकांचे बेल्ट सैल झालेले असतात. म्हणून सुरुवातीला एकेक दाणा तोंडात टाकत राहा, हात चालू दिसला पाहिजे इतकंच. ओलिंग, ओलिंग म्हणजे घ्या, घ्या, हा शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकाल. त्यावर नको म्हणू नका, एक बेदाणा उचला. काम भागतं.

शाकाहाराचं. हे खरंच अवघड आहे, खोटं सांगत नाही, कारण त्यांच्यात पाहुण्यासमोर मांस नसलेलं ताट ठेवणं म्हणजे आपली ऐपत नाही असं म्हटल्यासारखं. माझ्या पहिल्या ट्रिपला मी शब्द पाठ करून गेले होते, गोश्तसिझ, म्हणजे मांसाशिवाय, तर त्या माउलीने सूपमधले मांसाचे तुकडे एकेक करून चमच्याने बाहेर काढले आणि प्रेमाने वाडगा माझ्यापुढे ठेवला. गोश्तसिझ. तिच्या हिशोबाने अगदी बरोबर. पुलावाचंही तसंच, मांस बाजूला केलं तरी भात त्याच चरबीत शिजलेला. तेव्हा तुम्ही तिथे जाऊन बोलू नका, मुलीच्या मैत्रिणीला आत्ताच फोन करायला सांगा आणि तिलाच तिच्या आईला समजावू दे, की मांस नाही, हाडाचं पाणी नाही, चरबी नाही, वेगळ्या भांड्यात, तेलात. लेकीने सांगितलं की आई ऐकते. आणि आवड म्हणून सांगायचं नाही, आवडत नाही म्हटलं की आग्रह सुरू होतो, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेला नेम आहे असं सांगायचं. नेम, व्रत ही गोष्ट त्यांना लगेच पटते. उपवास असेल तर रोझा म्हणा, तेही कळतं, फक्त मग त्यांच्यासमोर केळं खाऊ नका, मी एका चतुर्थीला खाल्लं आणि पुढचा अर्धा तास समजावत बसले की आमच्या रोझ्यात हे चालतं.

एकदा कळलं की मात्र चंगळ होते. सप्टेंबरमध्ये लाल भोपळ्याचे सामसे मिळतील, तंदूरच्या भिंतीला चिकटवून भाजलेले, वरून तीळ. टोमॅटो-कांदा अगदी पातळ चिरलेली अच्चिक-चुचुक कोशिंबीर. कातिक म्हणजे दही, आणि ते फडक्यात टांगून केलेलं सुझ्मा म्हणजे आपला चक्का, श्रीखंडाचा चक्का. मी एकदा त्यात साखर आणि वेलची घालून घोटून दिलं तर सगळी म्हातारी मंडळी संशयाने बघत होती, ते लोक त्यात मीठ घालतात, पोरांनी मात्र वाडगा चाटून साफ केला. मूग म्हणजे मोश, आणि मोशकिचिरी नावाचा पदार्थ आहे तो काय असेल ओळखा. त्यातही सहसा मांस घालतात पण न घालता करता येतो, आणि ही फर्माईश केलीत तर घरची बाई खूश होते कारण तिला ते करता येतं. पाहुण्याला हवं ते आपल्याला करता येणं यात तिचा मान राहतो. शब्दांची गंमत पण सांगते, सब्झी म्हणजे तिकडे गाजर. ‘आम्ही फक्त सब्झी खातो’ असं एका बाईंनी हातवारे करून सांगितलं होतं आणि पुढचे दोन दिवस त्यांना गाजरंच वाढली.

शुगरचं सोपं आहे. कंद म्हणजे साखर, आणि ‘कंदी बोर’, म्हणजे यांना साखर आहे, इतकं म्हटलं की आपल्यासारखंच लगेच कळतं, घरात एकदोघांना असतेच. पण त्यानंतर यजमानांना वाटेल की मध, जर्दाळू, खरबूज मिस्टरांना चालतं कारण ते ‘नैसर्गिक’. मिस्टरांच्या ताटातलं खरबूज तुम्ही खा, तिथलं खरबूज न खाता परत येणं हा गुन्हा आहे. बाबर याच खोऱ्यातला, १४८३ साली अंदिजानला जन्मला, मार्गिलानपासून फार लांब नाही, आणि हिंदुस्थानचा बादशाह झाल्यावरही खरबूज कापताना घरच्या आठवणीने रडला असं त्यानेच लिहून ठेवलंय. आमचे एक डॉक्टर मेंबर म्हणायचे की हा इतिहासातला एकमेव माणूस ज्याचं दुःख चाखून बघता येतं. दारूचा आग्रह झाला, वडीलधारे पुरुष जुन्या सोव्हिएत सवयीने व्होडका काढतात कधीकधी, तर मिस्टरांनी छातीवर हात ठेवून ‘दोरी इच्यापमान’ म्हणायचं, औषध चालू आहे. कुणी पुढे बोलत नाही.

चहा. हे माझं लाडकं प्रकरण. चहा पियोल्यात देतात, कान नसलेली वाटी, आपला प्याला. चहा किटलीत घातला की आधी तीन वेळा पियोल्यात ओतून परत किटलीत ओततात, मग वाढतात. आणि वाढतात ते अर्धाच, कधी अर्ध्याहून कमी. पहिल्यांदा मला वाटलं काय चिक्कू लोक आहेत. अर्धा अशासाठी की लवकर संपावा, परत मागावा, परत ओतता यावा, आणि गरमही राहतो. पियोला काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. २०१३ साली बुखाऱ्यात एका घरी घरच्या मुलीने नवीन असल्याने मला पूर्ण भरून दिला तर तिची आजी अशी काही ओरडली की मला वाटलं चहात झुरळ पडलं. आमच्या अहोंना हे मी घरी आल्यावर सांगितलं, तेव्हापासून त्यांची एक ठरावीक मावसबहीण आली की ते मला डोळ्यांनी खुणावतात, कप भरून दे.

नोनबद्दल जपा. ती उलटी ठेवायची नाही कधीच, सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची, आणि खाली पडली तर उचलून, कपाळाला लावून, उंच जागी ठेवायची. आपण अन्नाला पाय लागला की पाया पडतो, तेच. २०१९ मध्ये एका घरून निघताना तिथल्या आजींनी माझ्यापुढे आख्खी नोन धरली आणि खूण केली, चाव. मी चावले. मला वाटलं वाटेसाठी. त्यांनी ती काढून घेतली आणि आतल्या खोलीत खिळ्याला टांगली. मुलगा सैन्यात जातो किंवा कुणी लांबच्या प्रवासाला निघतं तेव्हा असं करतात, त्याची रोटी घरात शिल्लक असते म्हणून तो परत येतो. मग कोविड आला. मी २०२२ ला गेले तेव्हा आजी थकल्या होत्या पण रोटी होती, दगड झालेली, माझ्या दातांची कमान तशीच, आणि खरं सांगू का मला आधी काय वाटलं तर अरे देवा आपले पुढचे दात किती वाकडे आहेत. आजींनी ती पाण्यात भिजवली, थोडी मला दिली, बाकीची चिमण्यांना.

काय न्यावं? मार्गिलान रेशमाचं गाव आहे. तिकडचं अत्लास कापड तुम्ही फोटोत बघितलं असेल, रंग एकमेकांत पसरल्यासारखे दिसतात, धागे आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, आपल्याकडच्या पटोळ्यासारखंच तंत्र. त्या बांधणाऱ्या कामाला अब्रबंदी म्हणतात, अब्र म्हणजे ढग. आपलं अभ्र! मी हे तिथल्या एका विणकराला सांगितलं की संस्कृतात पण अभ्र म्हणजे ढग, तर त्याने दोन वेळा म्हणून बघितलं आणि शेजारच्याला बोलावून माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. आता अशा गावी रेशीम न्यावं का? मी म्हणते न्याच. तुम्ही नाशिकच्या, येवला तुमच्या दाराशी. आख्खी पैठणी नको, काठाची छोटी पर्स किंवा पदराचा तुकडा फ्रेम न करता न्या. न करता का, ते सांगते. मी अशी एक पर्स नेली होती, घरातल्या सासूबाईंनी ती हातात घेतली, पुढून बघितलीच नाही, अस्तर उसवलेल्या कडेतून बोट घालून काठ उलटा केला आणि अंगठ्याने घासला. हातमागाच्या पैठणीचा काठ मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, लोंबते धागे नाहीत. त्यांनी चष्मा लावला, परत उलटा केला, आणि मग सुनेला हाक मारली. त्यानंतर मला त्या घरात ‘रेशीमवाली’ असंच म्हणायला लागले, ग्रुप बिप सगळं विसरले.

त्याखेरीज चहा न्या, चांगला आसाम, वेलची, थोडे मसाले (तिखट नको, वाया जातं), चिक्की. मुलांसाठी काहीतरी. घरात नवं बाळ किंवा नवी सून असेल तर पहिल्यांदा बघताना काहीतरी हातात ठेवायची रीत तिथेही आहे. फुलं नेलीत तर विषम संख्येत न्या, सम संख्येतली मयताला नेतात. आणि भिंतीवरच्या, कपाटातल्या वस्तूंचं तोंडभर कौतुक करू नका. मी एका घरी निळ्या-पांढऱ्या किटलीवरच्या कापसाच्या बोंडाच्या नक्षीचं कौतुक केलं, ती नक्षी तिकडे घरोघरी असते, सोन्याची कड असलेली, तर निघताना ती किटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत. सहा पियोल्यांसकट. आता ती आमच्याकडे आहे आणि दर वेळी बघितली की वाटतं, त्यांनी त्या संध्याकाळी चहा कशात केला असेल.

आता एक गोष्ट जी गाइड लोक सांगत नाहीत. हा सगळा पाहुणचार करतं कोण? कढईपाशी पुरुष दिसतो, गप्पा सासरे मारतात, आशीर्वाद आजी देतात. पण पहाटे उठून अंगण झाडणारी, पाण्याचा सडा मारणारी, पंचवीस वाट्या भरणारी, प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून चहा देणारी ती केलिन, म्हणजे सून. ती बऱ्याचदा आपल्यासोबत जेवायला बसत नाही. मला सुरुवातीला राग यायचा, मग आठवलं की माझी आई तरी गणपतीत कधी पहिल्या पंगतीला बसली होती. पहिल्या दिवशी तुम्ही भांडी घासायला उठलात तर ती बिचारी घाबरेल, तिला सासू बोलेल, तेव्हा उठू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसा आणि कणीक मळायला मागा, पोळी करून दाखवते म्हणा. इतकं चालतं, आणि लाटणं हातात आलं की भाषेची गरज संपते. सामानातली सगळ्यात चांगली वस्तू तिच्यासाठी ठेवा आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात द्या. मी एकदा नवरोझला, म्हणजे मार्चमध्ये, सुमालाक ढवळायला रात्रभर बसले होते. अंकुरलेल्या गव्हाचा रस मोठ्या कढईत पीठ-तेलाबरोबर रात्रभर आटवतात, तळाला लागू नये म्हणून आत गोटे टाकतात, आणि बायका पाळीपाळीने ढवळतात, गाणी म्हणतात. कुरडयांच्या चिकाचाच वास हो, थोडा गोडसर. सकाळी चार वाजता सासवा झोपल्या, उरल्या फक्त सुना आणि मी, आणि मग जे काय सासवांबद्दल ऐकायला मिळालं! मला उझबेक फार येत नाही, पण ते कळायला भाषा लागत नव्हती.

निघायची वेळ कशी ओळखायची? ओश झाला, त्यावर चहा झाला, की मोठं माणूस परत तळवे वर धरेल. ती फोतिहा, म्हणजे जेवणाच्या शेवटची प्रार्थना. हात तोंडावरून फिरले की जेवण संपलं, त्यानंतर एक दाणाही उचलायचा नाही. राहायला असाल तर झोपायची तयारी, भेटीला आला असाल तर उठायचं. यजमान म्हणतील बसा अजून, हे मात्र शिष्टाचाराचं असतं, इथे तुमचं ‘नको’ वापरा, जपून ठेवलेलं. दोन दिवस म्हटलेत ना, मग दोनच राहा. तिसऱ्या दिवसाचा आग्रह होणारच, ट्रेनचं तिकीट दाखवा.

फुटकळ कामं: ई-व्हिसा काढताना पासपोर्टवरचं नाव नीट बघा. तिकडे परदेशी माणूस जिथे राहतो तिथली नोंदणी व्हावी लागते, हॉटेलं आपोआप करतात, घरी राहणार असाल तर ती यजमानांना ऑनलाइन करावी लागते, म्हणून पासपोर्टचे फोटो आधीच पाठवून ठेवा, त्यांना मागायला संकोच वाटतो. व्हॉट्सॲपवर अवलंबून राहू नका, तिथे सगळं टेलिग्रामवर चालतं. परत आल्यावर फोटोंच्या प्रिंट काढून पाठवा, किंवा मुलीबरोबर जर्मनीत त्या मैत्रिणीकडे द्या. मोबाइलवर पाठवलेले कुणी बघत नाही. प्रिंट मात्र कपाटाच्या काचेत लागते, आणि तुमच्यानंतर जाणाऱ्याला ती दाखवतात, माझे तीन घरांत आहेत, एकात माझे डोळे मिटलेले आहेत.

आणि हो, मिस्टरांना नाडीचे बूट घालू देऊ नका. होव्लीत एका खोलीतून दुसरीत जाताना, अंगणात, तापचानवर, दिवसातून पंधरा वेळा बूट काढा-घाला होतात, त्या गुडघ्यांनी नाडी बांधायला वाकले की घरातली पोरं धावत येऊन बांधून देतात आणि मग ते ओशाळतात. सरळ सरकवायचे बूट घ्या. आणि मोजे नवे घ्या, अंगठ्याला भोक नसलेले.